तिरफळाच्या पानावरचे फुलपाखरू

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे घालतात, हे कोकणातल्या मुलांना सांगावयास नको. घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. तिरफळ हे मिऱ्याहून जरासे मोठे फळ. सुकले की ते चोच उघडावी तसे उकलते. आतले काळे चकचकीत बी काढून टाकायचे, साल तेवढी ठेवायची आणि ती ठेचून कालवणाला उकळी येताना टाकायची. वास आणि स्वाद घ्यायचा, साल मात्र खायची नाही. नवख्या माणसाच्या दाताखाली ती चुकून आली, की त्याचे ओठ आणि जीभ झिणझिणू लागतात.

या झिणझिण्या मोजताही आल्या आहेत. चीनच्या सेचुआन प्रांतातील मिरी ही आपल्या तिरफळाची सख्खी भाऊबंद. २०१३ साली लंडनमधील संशोधकांनी ती काही स्वयंसेवकांच्या ओठांना लावली आणि बोटाला यांत्रिक कंपने देऊन विचारले, “ओठांवरची थरथर यांपैकी कोणत्या कंपनासारखी वाटते?” उत्तर आले सुमारे ५० हर्ट्झ. म्हणजे आपल्या घरात खेळणाऱ्या विजेची जी वारंवारता, तीच! पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला असा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून सांगितला. विषय आहे तिरफळाच्या पानाचा, आणि त्या पानावाचून ज्याचे चालत नाही अशा एका फुलपाखराचा.

या फुलपाखराकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. बारावीच्या वर्गात प्रकाशाचे व्यतिकरण शिकवून मी बाहेर पडत होतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग, पाण्यावर सांडलेल्या तेलाचे रंग ही नेहमीची उदाहरणे झाली होती. सिंधुदुर्गाकडचा एक मुलगा मागून आला आणि त्याने मोबाइलवर दोन छायाचित्रे दाखवली. दोन्हींत मोठे काळे फुलपाखरू, आणि त्याच्या चारी पंखांवरून आडवा गेलेला झळझळीत पट्टा. एका चित्रात पट्टा हिरवा, दुसऱ्यात निळसर. “सर, ही फुलपाखरे दोन का एक?”

फुलपाखरू एकच होते. पहिले चित्र वरून घेतलेले, दुसरे तिरके. प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्याचे इंग्रजी नाव सांगितले, मलबार बँडेड पीकॉक. शास्त्रीय नाव पॅपिलिओ बुद्धा. वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८७२ साली हे नाव दिले. केरळात त्याला बुद्धमयूरी म्हणतात, आणि २०१८ साली केरळने त्याला आपले राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. आपणही त्याला बुद्धमयूरीच म्हणू. पसरलेल्या पंखांची लांबी दहा सेंटिमीटरहून अधिक, मागच्या पंखांना शेपट्या, आणि उडणे असे चपळ की नजर ठरत नाही. जगात ते फक्त पश्चिम घाटात आढळते. आपल्या सिंधुदुर्गापासून गोवा, कर्नाटक आणि पुढे केरळपर्यंत. तेथेही ते सगळीकडे नाही.

पट्ट्याच्या रंगाचे कोडे आधी उलगडू, म्हणजे मन मोकळे होईल. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे रचलेले बारीक खवले असतात. या खवल्यांत हिरवे रंगद्रव्य नसते. याच गटातील, ब्रह्मदेश-मलाया भागातील पॅपिलिओ पॅलिन्युरस या हिरव्या पट्ट्याच्या फुलपाखराचा अभ्यास इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात झाला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खवल्यांवर मिलिमीटरच्या काही सहस्रांश रुंदीच्या वाट्या असतात, आणि वाटीचा पृष्ठभाग कायटिन व हवा यांच्या एकाआड एक थरांचा बनलेला असतो. वाटीच्या तळावर प्रकाश सरळ पडतो आणि पिवळा होऊन परततो. कडांवर तो तिरका पडतो, एका कडेवरून समोरच्या कडेवर जातो आणि निळा होऊन परततो. वाट्या इतक्या लहान की आपला डोळा पिवळा आणि निळा वेगळा पाहू शकत नाही. त्याला हिरवाच दिसतो. प्रकाश तिरका पडला की थरांमधून परतणाऱ्या रंगाची तरंगलांबी कमी होते, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. तिरक्या चित्रात पट्टा निळसर का दिसला, ते आता सांगा पाहू.

एवढ्यावर मी खूश होतो. पण त्या मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, “सर, आमच्याकडे हे आता फार कमी दिसते. का?” याचे उत्तर वाटीत नव्हते, पानात होते.

फुलपाखराचे बालपण, म्हणजे अळीची अवस्था, सारी खाण्यात जाते. बुद्धमयूरीची अळी वाढते ती तिरफळाच्या पानांवर. तिरफळाचे झाड तुम्ही पाहिले नसेल तर त्याची खूण सोपी आहे. खोडावर शंकूसारखे जाडजूड काटे असतात. झाड उंच वाढते, कोरड्या दिवसांत पाने गाळते. पान चुरगळले की लिंबाच्या जातीचा वास येतो, आणि ते बरोबरच आहे. तिरफळ, लिंबू, बेल, कढीलिंब ही सारी एकाच कुलातील झाडे. वनस्पतिशास्त्रात त्या कुलाला रूटेसी म्हणतात. लिंबाचे पान उन्हात डोळ्यासमोर धरा. पानभर बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. भिंग घेतल्यास अधिक चांगले दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या आहेत.

हे तेल काही आपल्या कालवणासाठी बनलेले नाही. झाडाला पळता येत नाही, तेव्हा खाणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी ते पानांत नाना प्रकारची रसायने साठवते. बहुतेक किडे तोंड फिरवतात. पण एखाद्या कीटकवंशाला कधी काळी ती रसायने पचवण्याची युक्ती साधली, तर त्याला मोकळे कुरण सापडते, कारण वाटेकरी थोडे! १९६४ साली एर्लिच आणि रेव्हन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी जगभरच्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींच्या याद्या तपासून दाखवले की नात्यातली फुलपाखरे बहुधा नात्यातल्याच झाडांवर वाढतात. झाडाने नवे कुलूप लावायचे, किड्याने नवी किल्ली घडवायची, असे लक्षावधी वर्षे चालले आहे. मात्र किल्ली एका कुलपाला जितकी घट्ट बसेल, तितकी ती दुसऱ्या कुलपाला निरुपयोगी. बुद्धमयूरीसारखेच दिसणारे कॉमन बँडेड पीकॉक नावाचे फुलपाखरू आहे. ते कोरड्या रानात राहते, कारण त्याची अळी भेरिया या कोरड्या रानातल्या झाडाची पाने खाते. भेरियाही रूटेसीचाच. दोन बहिणी, दोन झाडे, म्हणून दोन निराळी राने.

मादी झाड ओळखते कशी? ती लांबून हिरवेपणा पाहते, वास घेते, पण शेवटची परीक्षा पायांनी करते. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी त्यावर ताल धरल्यासारखी टकटक करते. तिच्या पायांत चव घेणारी इंद्रिये असतात. जपानमध्ये लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या पॅपिलिओ झुथस या फुलपाखरावर या बाबतीत सुरेख काम झाले. १९८७ साली निशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पानातील रसायने वेगळी केली. एकेक रसायन सुटे दिले तर मादीवर फारसा परिणाम होईना. मिश्रण दिले की ती अंडी घालू लागे. ती एका शब्दावर विश्वास ठेवत नाही, पुरते वाक्य ऐकते म्हणा ना! २०११ साली यांतील सिनेफ्रिन नावाच्या रसायनाची चव ओळखणारा पायातील ग्राहक आणि त्याचे जनुकही सापडले.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या झाडाजवळ सकाळच्या उन्हात बसा. काळे-पिवळे लिंबावरचे फुलपाखरू किंवा काळे मॉर्मन फुलपाखरू येईल. एका पानावर टकटक करील, पोट वाकवून मोहरीएवढे एकच अंडे चिकटवील आणि उडेल. अंड्यातून निघणारी अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. तिला हलके डिवचले तर डोक्यामागून काटेचमच्यासारखे दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. (एकदाच डिवचा. दर अर्ध्या तासाने नव्हे!) बुद्धमयूरीची अळी याच घराण्यातली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा जोड्यांना पाठ्यपुस्तकात सरसकट परस्परावलंबन म्हणण्याची पद्धत आहे. इथे ते लागू नाही. अळी पाने खाते, त्यात झाडाचा फायदा काय? बुद्धमयूरी उद्या नाहीशी झाली तर तिरफळाला तिरफळे लागतीलच. फुलपाखराचे मात्र झाडावाचून चालणार नाही. दोर एकाच बाजूने बांधलेला आहे.

मग प्रश्न येतो तो असा. कोकणात तिरफळाची झाडे संपली तर नाहीत. बाजारात तिरफळे मिळतात. तरी फुलपाखरू का कमी व्हावे? याचे उत्तर शोधताना माझ्या उपयोगी पडला तो वायूंचा गतिसिद्धान्त.

वायूचा रेणू सरळ धावतो, दुसऱ्यावर आदळतो, पुन्हा धावतो. दोन टकरींमधल्या सरासरी अंतराला मध्य मुक्त पथ म्हणतात. रेणू दाटीने असतील तर हा पथ आखूड, विरळ असतील तर लांब. आता रेणूच्या जागी आपली मादी घ्या आणि टकरीच्या जागी तिरफळाचे झाड सापडणे. तिला झाडांचा नकाशा पाठ नसतो. समजा, १० मीटरच्या आत झाड आले तर तिला ते कळते. म्हणजे उडताना ती २० मीटर रुंदीची एक पट्टी झाडत जाते. समजा, रानात हेक्टरी ४ झाडे आहेत. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, तेव्हा एका झाडाच्या वाट्याला २,५०० चौरस मीटर आले. त्याला २० ने भागा. सरासरी १२५ मीटर उडाले की एक झाड सापडते. हेक्टरी एकच झाड असेल तर ५०० मीटर. २५ हेक्टरांत एक असेल तर १२,५०० मीटर, म्हणजे साडेबारा किलोमीटर!

पुढे चला. तिच्या पिढीची संख्या टिकायची तर तिच्या अंड्यांतून सरासरी दोन फुलपाखरे मोठी झाली पाहिजेत, एक तिच्या जागी आणि एक नराच्या. अंडी, अळ्या आणि कोश यांना मुंग्या, पक्षी, परजीवी गांधीलमाश्या खातात. समजा, पन्नास अंड्यांतून एकच वाचते. तर तिने शंभर अंडी योग्य पानांवर ठेवली पाहिजेत. एका झाडावर ती तीन ठेवते असे धरा. म्हणजे जन्मभरात तिला सुमारे ३३ झाडे सापडली पाहिजेत. ती पंधरा दिवस जगते आणि रोज ५ किलोमीटर शोध घेते असे धरले, तर जन्मभराची भटकंती ७५ किलोमीटरची.

हेक्टरी ४ झाडे असतील तर ३३ झाडांसाठी ४ किलोमीटर पुरे. एका दिवसाचे काम, उरलेले दिवस ऊन-पावसाला आणि शत्रूंना दिले तरी चालेल. हेक्टरी १ झाड असेल तर साडेसोळा किलोमीटर, तीन-चार दिवस. अजून ठीक. आता ७५ किलोमीटरला ३३ ने भागा. सुमारे सव्वादोन किलोमीटर. मध्य मुक्त पथ याहून लांब झाला की हिशेब तुटीत गेला. त्याला २० मीटरने गुणले तर येतात साधारण ४५,००० चौरस मीटर. साडेचार हेक्टरांत एक झाड, म्हणजेच एका चौरस किलोमीटरमध्ये बावीस झाडे.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा करून पाहिला. चौरस किलोमीटरमध्ये बावीस झाडे म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने काही दुर्मीळ झाड नव्हे. कुणालाही विचारा, “आहेत की तिरफळे, त्या व्हाळाच्या काठी एक, देवळामागे एक.” आणि तरीही माझ्या हिशेबात तेथले फुलपाखरू पिढी दर पिढी कमी होत जाईल. झाड संपण्याच्या पुष्कळ आधी फुलपाखरू संपेल.

तुम्ही म्हणाल, सर, तुमचे आकडे सगळे ‘समजा’चे. खरे आहे. फुलपाखरू म्हणजे वायूचा रेणू नव्हे. ते ओढ्याच्या काठाकाठाने उडते, रानाच्या कडा धरते, झाडेही सारखी विखुरलेली नसून घोळक्याने असतात. १० मीटरच्या जागी ३० घ्या, बावीसचा आकडा बदलेल. पण एक गोष्ट बदलणार नाही. झाडे अर्धी झाली की शोधाची वाट दुप्पट होते, आणि कुठल्या तरी मर्यादेपाशी आयुष्य तिला पुरत नाही. उलटेही पाहा. मुंबई-पुण्याच्या इमारतींत काळे मॉर्मन सुखाने का नांदते? कढीलिंबाची कुंडी घराघरात आहे, त्याचा मध्य मुक्त पथ एका सज्जापासून दुसऱ्या सज्जापर्यंतचा. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, हेही त्याच तऱ्हेचे. त्याची अळी रूटेसीतली बरीच झाडे चालवून घेते, म्हणून ते रानाबाहेर बागांतही दिसते. बुद्धमयूरी अशी सवलत घेत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत बुद्धमयूरीचे नाव आहे. ती पकडणे, टाचणीने टोचून पेटीत ठेवणे, विकणे हे गुन्हे आहेत, आणि ते योग्यच आहे. पण तिरफळाचे झाड त्या सूचीत नाही. परसातले तिरफळ तोडणाऱ्याला आपण फुलपाखराचे काही बिघडवतो आहोत असे वाटतही नाही.

मलाही वाटले नव्हते. १९९८ साली मी पदवीच्या वर्गात असताना सुट्टीत मामांकडे गेलो होतो. घरामागच्या उतारावर जुने तिरफळ होते. मामांनी काजूची कलमे लावली होती आणि त्यांवर झाडाची सावली पडत होती. शिवाय फळे काढताना काटे लागत, फांदी वाऱ्याने मोडली की खाली खेळणाऱ्या मुलांना धोका. “काटेरी झाड ता, ठेवन काय करूचा?” मामा म्हणाले. झाड कलमांवर पडू नये म्हणून दोर बांधला, आणि त्या दोराचे टोक धरणाऱ्यांत मी होतो. मामींनी शेवटची तिरफळे उन्हात वाळवून डबा भरून मला दिली. तो डबा आमच्याकडे दोन वर्षे पुरला.

त्या मुलाने छायाचित्रे दाखवल्यानंतरच्या पावसाळ्यात मी वाडीत गेलो आणि झाडे मोजली. घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत तीन सापडली. एक व्हाळाकाठी, एक देवराईत, एक दुसऱ्यांच्या कुंपणात, तेही छाटलेले. बुद्धमयूरी काही दिसली नाही. देवराईतल्या झाडाखाली पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेली वीतभर उंचीची पाच रोपे होती. देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारून दोन आणली आणि मामांच्या उतारावर, कलमांपासून दूर, ओहोळाच्या अंगाला लावली. मामा आता थकले आहेत. त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रोपांभोवती गुरांसाठी करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातलेले होते.

सिंधुदुर्ग, गोवा आणि त्याखालच्या घाटपट्ट्यात राहणाऱ्या शाळांना एक काम सुचवतो. गावचा नकाशा घ्या, मिळेल त्या मोजमापाचा. आजीला, गुराख्याला, तिरफळे विकायला बसणाऱ्या बाईला विचारून गावातले प्रत्येक तिरफळ शोधा आणि नकाशावर टिंब द्या. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर दोरीने मोजा (काट्यांपासून जपून), फळे धरतात का तेही विचारा. मग क्षेत्रफळाला झाडांच्या संख्येने भागा, त्याला २० ने भागा आणि तुमच्या गावचा मध्य मुक्त पथ मीटरमध्ये काढा. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत झाडांजवळ सकाळी थांबून बुद्धमयूरी दिसते का याची तारीखवार नोंद ठेवा. पकडायची नाही, छायाचित्र काढले तर वरून एक आणि तिरके एक काढा. दोन शेजारच्या गावांचे आकडे शेजारी शेजारी ठेवता आले, तर माझ्या ‘समजा’च्या जागी खरे आकडे लिहिण्याची सुरुवात होईल.